उजेडाचे शेजारी

“बाईने पांढरा ड्रेस घातलाय. म्हातारा आत घेतो का बघा.”

गेटवरचा वॉचमन कँटीनच्या मावशींना हे सांगत होता, आणि ती बाई म्हणजे मी होते. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका फॅक्टरीत मुलाखतीला आले होते आणि बाहेरच्या बाकावर बसले होते. आईने इस्त्री करून दिलेला माझा कुर्ता खरंच पांढराशुभ्र होता. मुलाखतीला पांढरं घालावं, असं आमच्या घरात सगळ्यांचं एकमत असतं.

“घेईल हो,” मावशी म्हणाल्या. “मागच्या खेपेला त्या सेल्सवाल्याचा शर्ट पांढरा होता, तर त्याला काळी छत्री उघडून बसवलं होतं आत. छत्री माझीच.”

मला वाटलं, ते गंमत करताहेत. तेवढ्यात लॅबचं दार उघडलं आणि घोट्यापर्यंत लांब काळा एप्रन घातलेले एक बुटके गृहस्थ बाहेर आले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. कुर्त्याकडे पाहिलं.

“हा फार उजेड फेकतो,” ते म्हणाले, आणि खुंटीवरचा दुसरा काळा एप्रन माझ्या हातात दिला.

तेच सर. जगभरच्या लॅबमध्ये माणसं पांढरे एप्रन घालतात, आमच्याकडे काळे. बाहेरचे लोक यायचे तेव्हा कोर्टात आल्यासारखे बिचकायचे. सरांचं म्हणणं साधं होतं: दिव्याखाली नमुना ठेवला, की त्याच्याभोवती जे जे काही आहे ते सगळं प्रयोगात सामील आहे. भिंत, टेबल, खालचा पत्रा, तुमचा शर्ट. “तुला वाटतं तू प्रयोग बघतेयस,” ते म्हणायचे. “तू प्रयोगात उभी आहेस.”

मुलाखत अशी झाली. त्यांनी टेबलावर काचेचे दोन तुकडे ठेवले. दोन्हीवर पातळ रंगीत फिल्म होती, म्हणजे रंग मिसळलेल्या प्लास्टिकचा अगदी तलम थर. एकावरचा जांभळा रंग पार उडून गेला होता, दुसऱ्यावरचा अजून छान होता.

“एकच फिल्म. एकच दिवा. वेळ सारखा. मग हे असं का?”

माझी अडचण सांगते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे मी गप्प. कुणी एकदम प्रश्न विचारला की डोक्यात इंग्रजी वाक्य तयार होतं, मी त्याचं मराठी करायला घेते, आणि ते होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. त्या दिवशीही तेच झालं. मी काहीच बोलले नाही. नुसते दोन्ही तुकडे उचलले आणि उलटे करून पाहिले. रंग उडालेला तुकडा साध्या काचेचा होता. रंग टिकलेल्या तुकड्याला फिल्मच्या खाली चांदीचा मुलामा होता.

सर हसले. “उलटून पाहिलंस. आतापर्यंत जे आले ते सगळे बोलले. सोमवारपासून ये.”

मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहते. घरी जाऊन आईला सांगितलं की नोकरी लागली. तिने विचारलं, काय काय विचारलं गं? मी म्हटलं, एकच प्रश्न. आणि तू काय सांगितलंस? काही नाही.

*

चांदीच्या शेजारी रंग का टिकतो, हे सरांनी मला जसं सांगितलं तसंच लिहिते, कारण पुस्तकात मी ते इतकं मजेत कधी वाचलेलं नाही.

“हे बघ, रेणूला उजेड मिळाला की तो चेकाळतो. चेकाळला की काहीतरी करून बसतो. शेजाऱ्याचा हात धरतो, नाहीतर स्वतःच मोडतो. मोडला की रंग गेला. पण चांदी अगदी चिकटून असली, तर ती त्याचं चेकाळणं मधल्यामधे काढून घेते. काही करायच्या आतच गडी थंड.”

“मग चांदी चांगली,” मी म्हटलं.

“थांब. हीच फिल्म जाड केली तर वरचे रेणू चांदीपासून लांब पडतात. तिथवर चांदीचा हात पोचत नाही. त्यांच्यासाठी ती फक्त आरसा. वरून आलेला उजेड खाली आपटून परत येतो, म्हणजे त्यांना दुप्पट उजेड. ते दुप्पट चेकाळतात.”

“मग चांदी वाईट?”

“किती लांब राहतेस त्यावर आहे. आमच्या बिल्डिंगसारखंच.” मग आवाज खाली आणून, जणू एखादी चांगली बातमी फोडावी तसं म्हणाले, “आणि याच्यापुढेही काहीतरी आहे. मध्ये एक पातळ थर घालून चांदीपासून तोडलं, तरी थोडा फरक उरतोच. तो का, ते मला नीट कळलेलं नाही.”

स्वतःला न कळलेली गोष्ट इतक्या आनंदाने सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या कॉलेजात न कळलेल्या गोष्टी सिलॅबसच्या बाहेर असायच्या.

फॅक्टरीला अर्थात चांदीशी काही घेणंदेणं नव्हतं. आमचा धंदा पारदर्शक प्लास्टिकच्या रोलवर एक वार्निश चढवण्याचा. वार्निश ओलं असतं, दिव्याखालून गेलं की त्या तीव्र उजेडाने क्षणात कडक होतं. मोबाइलच्या काचेवर चिकटवतात ती फिल्म, तशा मालासाठी. वार्निशचा फॉर्म्युला सरांचा. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण दरवर्षी शेठ त्यांना एक वर्ष वाढवून देत. त्या वार्निशच्या जिवावर लॅब चालायची, आणि लॅबच्या आडोशाला सरांचे शेजाराचे प्रयोग.

ते प्रयोग मुख्यतः गच्चीवर चालत. ऊन फुकट असतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. गच्चीवर गेलात तर कुणाचं तरी वाळवण घातलंय असं वाटायचं. रंगीत फिल्मचे तुकडे ओळीने: एक पाटीवर, एक आरशावर, एक विटेवर, एक काळ्या रबरावर, एक केळीच्या पानावर (ते पान दुपारपर्यंतच टिकलं), आणि बरेचसे कँटीनच्या स्टीलच्या ताटांवर.

“सर, माझी ताटं!” मावशी जिन्यातूनच ओरडत यायच्या. “पंगत बसलीय खाली. माणसं काय हातावर आमटी घेणार?”

“मावशी, उद्या देतो. आज ऊन छान आहे.”

“ऊन रोजच छान असतं तुमचं. आणि ही चिकटपट्टी निघत नाही घासून घासून.”

“कशाने घासता?”

“राखेने.”

सर एकदम गंभीर झाले. “राखेने घासू नका हो. चमक जाते. चमक गेली की ताट बदललं.”

“ताट तेच आहे सर. खाणारे बदललेत,” मावशी म्हणाल्या, आणि दोन ताटं ओढून घेऊन गेल्या. त्यावरचे नमुने उरलेला दिवस आमटीभाताच्या शेजारी काढून मग परत आले. सरांनी तेही तपासले.

*

सरांना लागणारं साहित्य कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळत नसे. ते उल्हासनगरात मिळत असे, कारण सर तिथेच राहायचे. सगळी बिल्डिंग सिंध्यांची, त्यात हे एक मराठी घर. इतकी वर्षं राहून त्यांच्या बोलण्यात ‘साईं’ इतकं मुरलं होतं की शेठच्या साहेबी पाहुण्यांनाही ते “बसा साईं” म्हणायचे.

एकदा मला बरोबर घेऊन गेले. लग्नाच्या कपड्यांना लावायच्या टिकल्या, जरी, चमकीचे कागद विकणारं दुकान. दुकानदाराने लांबूनच पाहिलं.

“अचो, अचो साईं! अरे, प्रोफेसरसाब आये, चमकी निकालो!”

सर प्रोफेसर नव्हते, पण दुरुस्ती करण्याच्या भानगडीत पडत नसत. त्यांनी प्रत्येक कागद उचलून दाराशी उन्हात धरला. सोनेरी नको, चंदेरी पाहिजे. हा नको, ह्याच्यावर लाखेसारखा थर आहे. हा बरा. मागच्या बाजूला काय आहे? कापड? सुती की नायलॉन?

“बेटी की शादी है क्या?” दुकानदाराने हळूच मला विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

“फिर इतना क्यूँ देखता है?”

मला उत्तर माहीत होतं. तोंडापर्यंत आलंही. मग दुसरं गिऱ्हाईक आलं.

त्या दिवशी सरांच्या घरी चहाला गेले. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्याच्या मध्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, “बस गं. कुठेही बस. फक्त त्या खुर्चीवर नको, तिच्यावर अभ्यास चाललाय.”

खुर्चीच्या उजव्या हाताचं कापड फिकं पडलं होतं, डाव्याचं गडद होतं. समोरच्या भिंतीवर आरसा होता. सकाळचं ऊन खिडकीतून आरशावर, आरशातून खुर्चीवर.

“मी म्हटलं आरसा हलवा,” काकू सांगत होत्या. “तर म्हणतात, आत्ता कुठे निकाल यायला लागलाय. आमच्याकडे आरसा लावायचा तर आधी पडद्यांची परवानगी घ्यावी लागते.”

सर चहात बिस्कीट बुडवत होते. “पडदे नायलॉनचे आहेत,” ते म्हणाले. “त्यांना फारसा फरक पडत नाही.”

*

सरांचा एक नियम मात्र मला जाचायचा. जो पाहतो त्यानेच सांगायचं.

लॅबमध्ये कुणी काही पाहिलं, तर ते त्यानेच सगळ्यांसमोर बोलायचं. दुसऱ्याच्या तोंडून नाही. शेवटी “मी पाहिलंय” एवढं म्हणायचं. नुसतं ऐकलं असेल तर “मी ऐकलंय” म्हणायचं, आणि ऐकलेल्याची नोंद सर घेत नसत.

मी हा नियम चुकवायचे. दर आठवड्याला प्लांटच्या लोकांबरोबर मीटिंग असे. मी आदल्या दिवशी सरांना सगळं हळू आवाजात सांगून ठेवायचे, म्हणजे ते तिथे बोलतील. मीटिंगमध्ये विषय निघाला की सर माझ्याकडे बघत. मी टेबलाकडे बघे. सर छताकडे बघत. विषय पुढे जाई.

“सर, तुम्हाला तर मी सांगितलं होतं,” मी नंतर म्हणायचे.

“मला ऐकू आलं. पण मी पाहिलं नव्हतं.”

“पण बरोबर होतं ना ते?”

“एकदम बरोबर. वाया गेलं.”

रागावत नसत. एप्रन खुंटीला लावत आणि घरी जात. मला मात्र बदलापूर येईपर्यंत कंपनीच्या गाडीत मनातल्या मनात अख्खी मीटिंग परत घेता यायची. त्या मीटिंगांमध्ये मी फार छान बोलते.

*

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर प्लांटकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं. उजेडावर आयुष्य घालवलेल्या माणसाला काळा चष्मा लावून अंधारलेल्या खोलीत बसवलं होतं. काकू म्हणाल्या, “बरं झालं. खुर्चीला तेवढीच विश्रांती.”

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या फॅक्टऱ्यांसारखीच मशीनची पूजा असते. आदल्या आठवड्यात प्लांट धुतात, मशीनना नवा रंग देतात. आमच्या मोठ्या मशीनवर भोईरदादा असतात, चामटोलीचे. मशीनवर त्यांचा फार जीव. त्या वर्षी त्यांनी रंगाऱ्याला हातही लावू दिला नाही, सगळं स्वतः रंगवलं.

“कसा दिसतंय ताई?” त्यांनी मला विचारलं. “एकदम शोरूमचा. एक कोपरा सोडला नाय. सोता रंगवलाय.”

मशीन खरंच सुंदर दिसत होतं. गडद हिरवं, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, समोर नारळ. दिव्याखाली जो सपाट पत्रा असतो त्याच्यावर दरवर्षीप्रमाणे एक झेंडूचं फूल ठेवलं होतं. मी प्रसाद घेतला, फुलाकडे पाहिलं, मला काहीतरी वेगळं वाटलं. काय, ते कळलं नाही. पेढा खाल्ला आणि निघाले.

दिवाळीनंतर माल परत यायला लागला. फिल्मवरचं वार्निश पापुद्र्यासारखं निघत होतं. वरून कडक, खालून चिकट. नखाने उचललं की सोलून यायचं. प्लांटवाल्यांनी दिवा बदलला. रोल हळू चालवून पाहिला, तर थोडा बरा, पण हळू चालवून ऑर्डर कशी पुरी होणार? मग त्यांनी तेच वार्निश आमच्याकडे पाठवलं. मी लॅबच्या छोट्या दिव्याखाली नमुना केला. उत्तम. परत केला. परत उत्तम.

“लॅबमध्ये पास, प्लांटमध्ये फेल,” प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते, पण त्यांच्या डोक्यावर पार्टीचे फोन होते. “म्हणजे फॉर्म्युलाच कच्चा. म्हाताऱ्याचं झालं आता. बाहेरून तयार वार्निश मागवू, कटकट मिटली.”

तयार वार्निश आलं, तर लॅबची गरज नाही. लॅब नाही, तर सर नाहीत. शेठनी मीटिंग लावली आणि सरांनाही निरोप दिला: डोळे सांभाळून या. या बोलावण्याचा अर्थ वॉचमनलासुद्धा कळला होता. मावशींनी त्या दिवशी चार ताटं घासून, न मागता लॅबमध्ये आणून ठेवली.

मीटिंगच्या आदल्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे लॅबच्या दिव्याखालचा पत्रा पुसत होते. अॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा. रोज सुती फडक्याने पुसायचा, सरांची शिस्त. पुसता पुसता मला त्यात माझं तोंड दिसलं. आणि एकदम ते फूल आठवलं.

दरवर्षी पूजेला त्या पत्र्यावर एक फूल ठेवलं की दोन दिसायची. एक वर, एक खाली उलटं. या वर्षी एकच होतं.

मी प्लांटमध्ये गेले. मशीन बंद होतं, चहाची वेळ होती. वाकून पाहिलं. दिव्याखालचा पत्रा हिरवागार. कोपरा न् कोपरा. फिल्म त्या पत्र्याला टेकत नाही, रोलरवरून वरच्या वर जाते. म्हणून पत्र्याचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. पण पारदर्शक फिल्ममधून खाली उतरलेला उजेड आजवर त्या पत्र्यावर आपटून परत वर येत होता आणि वार्निशचा तळ पक्का करत होता. आता तो हिरव्या रंगात जिरत होता; लॅबचा पत्रा मात्र चकचकीतच होता, म्हणून तिथे नमुना पास.

मी गच्चीवर जाऊन सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

“फूल एकच दिसलं?” सरांनी विचारलं.

“हो.”

“वा!” ते म्हणाले. अगदी गाण्यातल्या जागेला देतात तशी दाद. “वा! काय पाहिलंस! झालं तर मग. उद्या सांग.”

“सर, तुम्ही सांगा ना.”

“मी कसं सांगू? माझ्या डोळ्यावर काळा चष्मा आहे.”

“सर, ते लॅब बंद करणार आहेत. तुम्हाला घरी बसवणार आहेत.”

“माहीत आहे. आणि मी बोललो तर काय म्हणतील? म्हातारा प्लांटमध्ये पाऊल न ठेवता भोईरवर ढकलतोय. स्वतःची कातडी वाचवतोय.”

हे खरं होतं. आणि मला अडवणारं नावही त्यांनीच घेतलं होतं.

“भोईरदादांचं नाव घेऊ का, सर?”

“कशाला? त्याने मशीनला नटवलं. दसऱ्याला सगळेच नटवतात. माणसाचं नाव घेऊ नकोस. पत्र्याचं घे.”

*

मीटिंग शेठच्या केबिनमध्ये. शेठ, प्रॉडक्शनचे साहेब, भोईरदादा दाराजवळ उभे, सर काळ्या चष्म्यात, आणि कोपऱ्यात मी. माझा काळा एप्रन तसाच अंगावर राहिला होता.

“देखो,” शेठ म्हणाले, “मला केमिस्ट्री समजत नाही. मला पार्टी समजते. पार्टी नाराज आहे.”

प्रॉडक्शनचे साहेब सगळं बोलले. दिवा बदलला, स्पीड बदलला, मशीन तर दसऱ्यालाच अख्खं सर्व्हिस केलंय. भोईरदादांनी मान डोलावली. तयार वार्निशचा डबा टेबलावर ठेवलेला होता. बाहेरून सगळं छान छापलेलं.

“सर, आपको कुछ बोलना है?” शेठनी विचारलं. आवाजात खरंच माया होती. माया असली की मला जास्त भीती वाटते.

“मी महिनाभर प्लांट पाहिलेला नाही, साईं,” सर म्हणाले. “मी काय बोलणार?”

आणि खुर्चीत मागे टेकून बसले. काळ्या चष्म्यामुळे ते कुठे बघताहेत हे कुणालाच कळत नव्हतं. माझ्याकडे, टेबलाकडे की छताकडे, मलाही नाही. तोवर दरवेळी ते माझ्याकडे बघायचे आणि मग सोडून द्यायचे. या वेळी सोडून दिलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

शेठनी डबा हातात घेतला. “मग हे चालू करू. सर, आता तुम्ही पण जरा आराम करा.”

पुढचं थोडं मागेपुढे करून सांगते. लॅब चालू आहे. तो डबा अजून न उघडलेलाच आहे, आम्ही दार उघडं राहावं म्हणून त्याचा उपयोग करतो. सरांनी त्यानंतर आणखी दोन दसरे पाहिले आणि मग स्वतःच्या मर्जीने घरी बसले. आता काकूंच्या खुर्चीचा डावा हात फिका करण्याचं काम चाललंय. आरसा दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर गेला. मोठ्या मशीनच्या पत्र्याला दसऱ्याआधी भोईरदादा स्वतः जुनं वर्तमानपत्र चिकटवतात, मग बाकीचं रंगवतात. त्यांनीच तो हिरवा रंग खरवडून काढला होता, कुणी सांगायच्या आत, आणि वर मला म्हणाले होते, “ताई, मला आधी सांगायचा ना, मी कालच काढला असता.” नव्या मुलांना मी काचेचे दोन तुकडे देते. बहुतेक जण बोलायलाच लागतात.

त्या दिवशी मी काय बोलले याबद्दल फॅक्टरीत दोन-तीन आवृत्त्या आहेत. मावशींच्या मते मी इंग्रजीत फाडफाड सुनावलं. वॉचमनच्या मते टेबलावर हात आपटला. भोईरदादा म्हणतात की आधी मी त्यांच्याकडे बघितलं, हसले, आणि मगच बोलले. शेवटचं थोडंसं खरं आहे.

खरं म्हणजे पहिल्यांदा मी बोलले ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मला वाटलं होतं की मी बोलले, पण तो फक्त श्वास होता. मग सरांची खुर्ची किंचित करकरली. फक्त तेवढंच. शेठनी वर पाहिलं.

“कुछ बोली क्या बेटा? जोर से बोल.”

इंग्रजी वाक्य तयार व्हायच्या आत मी मराठीतच सुरुवात केली.

“शेठ, दिव्याखालचा पत्रा हिरवा झालाय. आधी त्याच्यावर फूल ठेवलं की दोन दिसायची, आता एकच दिसतं. फिल्म पत्र्याला टेकत नाही, पण पत्रा फिल्मच्या शेजारी आहे. मी पाहिलंय.”